मोटारीच्या दिव्यांची परतीची वाट

दिवेलागण झाली कीं प्रथम देवापुढें दिवा लावावा, मग इतर कामांस हात घालावा, असा आपल्या घरांतील जुना प्रघात आहे. ज्यांच्या दारांत आज मोटार उभी आहे, त्यांनीं तिन्हीसांजेस आणखी एका ठिकाणचे दिवे पाहण्याची संवय लावून घ्यावयास हवी. तें ठिकाण म्हणजे त्या मोटारीची मागची बाजू. पुढचे दिवे चालविणाऱ्यास दिसतात. त्यांतील एखादा गेला तर रस्त्यावरील उजेड कमी होऊन त्यास तें तत्काळ कळतें. मागचे दिवे मात्र दुसऱ्यांसाठीं असतात. ते गेल्याचें कळतें तें मागून येणाऱ्यासच, आणि कधीं कधीं फार उशिरा.

आमची आर्वी हें वर्धा जिल्ह्यांतील कापसाच्या बाजाराचें गांव. येथून एक रस्ता तळेगांवाकडे जाऊन नागपूर-अमरावती महामार्गास मिळतो, एक पुलगांवाकडे जातो, एक वर्ध्याकडे. कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे या रस्त्यांवर बैलगाडी, ट्रॅक्टर, मालमोटार, मोटारसायकल व घरगुती मोटार अशीं सर्व वाहनें एकामागून एक चालतात. प्रत्येकाचा वेग निराळा आणि रस्त्यावर दिव्यांचे खांब नाहींत. अशा वेळीं मागच्यास पुढच्याची खूण म्हणजे एक तांबडा दिवा, एवढीच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे असें सांगितलें आहे. तें अंतर ताशीं ८० किलोमीटर वेगानें येणारें वाहन अवघ्या सात सेकंदांत तोडतें. या सात सेकंदांत दिवा दिसणें, तो ब्रेकमुळें अधिक उजळल्याचें समजणें व स्वतःचें वाहन आवरणें, एवढ्या गोष्टी व्हावयाच्या असतात.

दिवा लागत नाहीं म्हणून बल्ब काढून पाहिला, त्यांतील तंतु तुटलेला दिसला, नवा घातला व दिवा लागला, येथपर्यंत कोणास कांहीं सांगण्याचें कारण नाहीं. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें बुचकळ्यांत पाडणाऱ्या दोषांविषयीं. ब्रेक दाबला कीं नंबराच्या पाटीवरचा दिवा मंद पेटतो. वळण्याच्या इशाऱ्याचा दिवा मिचकूं लागला कीं शेजारचा मागचा दिवाही त्याच तालावर कमीजास्त होतो. मीटर १२ व्होल्ट दाखवितो, पण बल्ब मुळींच लागत नाहीं. दिवसा सर्व ठीक आणि रात्रीं बिघाड. असे प्रकार दिसूं लागले म्हणजे भले भले लोक बल्ब, होल्डर, बटण, फ्यूज एकामागून एक बदलीत सुटतात आणि शेवटीं मोटारीला बाधा झाली आहे अशा थाटांत बोलूं लागतात. वस्तुतः या तक्रारींपैकीं पुष्कळांचें मूळ एकाच ठिकाणीं असतें, व तें बहुधा दिव्याच्या बाहेर असतें.

दिव्यांचें एकत्र कुटुंब

मोटारीस आरंभीं विजेचे दिवे नव्हते. कार्बाईडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या वायूवर जळणारे दिवे असत; ते काडीनें पेटवावे लागत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र आले, आणि १९१३ मध्यें जर्मनींतील बॉश कंपनीनें डायनॅमो, त्याचा नियंत्रक व पुढचे दिवे असा संपूर्ण संच बाजारांत आणला. काडी गेली, वाऱ्याची भीति गेली. परंतु त्याबरोबर मोटारीच्या सर्व दिव्यांचें एकत्र कुटुंब झालें. एका बॅटरीवर सर्वांचा निर्वाह चालूं लागला, आणि एकाच्या घरचा बिघाड दुसऱ्याच्या तोंडावर दिसूं लागला.

घरांतील दिव्याकडे दोन तारा जातात. एकीनें वीज येते, दुसरीनें परत जाते. मोटारींत बहुतेक दिव्यांकडे बॅटरीपासून एकच तार येते. परतीसाठीं स्वतंत्र तार बॅटरीपर्यंत नेण्याऐवजीं मोटारीच्या लोखंडी सांगाड्याचाच उपयोग करितात. बॅटरीचें ऋण टोक सांगाड्याला जोडलेलें असतें, आणि प्रत्येक दिव्याची एक आंखूड तार जवळच्या पत्र्याला स्क्रूनें आवळलेली असते. कारागीर लोक हिला ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. या रचनेनें तांबें वांचतें, वजन वांचतें व मोटार स्वस्त पडते. पण तिच्यांत एक गोम आहे. दिव्याकडे जाणारी तार रंगीत वेष्टनांत सुरक्षित असते. परतीची वाट मात्र एका स्क्रूखालीं, रंग व गंज यांच्यामध्यें, चिखलपाणी उडेल अशा जागीं असते. दिवा लागेना झाला कीं वीज येते कीं नाहीं, हें सर्वजण पाहतात. ती परत जाते कीं नाहीं, हें फारसें कोणी पाहत नाहीं.

विजेचा एक स्वभाव लक्षांत ठेविला म्हणजे पुढील सर्व कोडीं सुटतात. नेहमींची वाट बंद झाली तर ती दुसरी वाट शोधते, आणि ती दुसरी वाट एखाद्या निरपराध दिव्यांतून जात असेल तर तो दिवा नसत्या वेळीं पेटतो.

एक उदाहरण

आर्वींतील आमचे एक स्नेही पेशानें वकील आहेत. त्यांची मोटार जुनी, पण नीट ठेविलेली. एका रात्रीं अमरावतीहून लग्नकार्य आटोपून मंडळी परत येत असतां त्यांचा पुतण्या आपली गाडी घेऊन मागून येत होता. घरीं पोंचतांच तो म्हणाला, “काका, तुम्ही ब्रेक दाबलात कीं तुमचा डावा दिवा उजळण्याऐवजीं विझतो.”

“विझतो कसा? गेल्याच आठवड्यांत नवा बल्ब घातला आहे!” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मोटार दुरुस्तीस गेली. कारागिरानें मागें उभें राहून ब्रेक दाबावयास सांगितलें व म्हणाला, “साहेब, दिवा तर लागतो आहे. जरा मंद आहे, इतकेंच.” पुन्हां नवा बल्ब घातला, ब्रेकखालचें बटण बदललें, फ्यूज पाहिला. त्या रात्रीं पुन्हां तोच प्रकार. दिवसा लागणारा दिवा रात्रीं, आणि तोही नेमका ब्रेक दाबण्याच्या क्षणीं, विझत होता.

आतां हें कोडें उलगडून पाहूं. मागच्या दिव्यांतील नेहमींच्या बल्बांत दोन तंतू असतात: एक ५ वॅटांचा, रात्रीं सतत जळणारा, दुसरा २१ वॅटांचा, ब्रेक दाबल्यावर पेटणारा. दोघांना वीज निरनिराळ्या तारांनीं येते, परंतु दोघांची परतीची वाट एकच असते. वकीलसाहेबांच्या मोटारींत डाव्या होल्डरची ही अर्थची तार डिकीच्या आंतील बाजूस ज्या स्क्रूखालीं होती, तेथें हिरवा गंज चढून जोड निकामी झाला होता. म्हणजे दोन्ही तंतूंना येण्याच्या वाटा होत्या, जाण्याची नव्हती.

दिवसा मोटारीचे इतर दिवे बंद असतां ब्रेक दाबला कीं वीज मोठ्या तंतूंत शिरे. पुढें अर्थ नाहीं, म्हणून ती लहान तंतूंतून उलटी फिरून रात्रीच्या दिव्यांच्या तारेंत जाई, व तेथून नंबराच्या पाटीचा दिवा व इतर लहान दिवे यांतून आपला मार्ग काढी. या लांबच्या वाटेनें डाव्या बल्बांतील लहान तंतु मंदसा पेटे. कारागिरास दिसलेला प्रकाश ब्रेकच्या तंतूचा नव्हताच. तो शेजारच्या लहान तंतूचा होता. पाहणाऱ्यास तेवढा भेद कांचेबाहेरून कळत नाहीं.

रात्रीं दिवे लावले असतां लहान तंतूंतील वीज अशीच उलट वाटेनें, मोठ्या तंतूंतून ब्रेकच्या तारेंत व तेथून उजव्या दिव्याच्या अर्थकडे जाई. त्यामुळें डावा दिवा जवळजवळ नेहमींसारखा दिसे. पण ब्रेक दाबतांच दोन्ही तारांत सारखाच १२ व्होल्टांचा दाब येई. दोन्हीकडून दाब सारखा असला म्हणजे वीज कोणीकडेच वाहत नाहीं. दोन्ही तंतू एकदम थंड. ज्या क्षणीं मागच्या वाहनास सर्वांत मोठी सूचना मिळावयाची, त्याच क्षणीं डाव्या अंगास अंधार!

उलगडा झाला तो पुतण्याच्या नजरेनें. मोटार शेडच्या अंधारांत उभी असतां त्यानें दिवे बंद ठेवून काकांना ब्रेक दाबावयास सांगितला, आणि नंबराच्या पाटीवरचा दिवा राखेंतल्या निखाऱ्यासारखा तांबूस होतांना पाहिला. त्या दिव्याचा ब्रेकशीं कांहीं संबंध नाहीं. मग तेथें वीज आली कोठून, हा प्रश्न योग्य ठिकाणीं घेऊन गेला. स्क्रू सोडला, पत्रा व तारेचें कडें घांसून लखलखीत केलें, पुन्हां आवळलें, काम झालें. खर्च कांचकागदाच्या एका तुकड्याचा.

निदानाची रीत

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. येथेंही सामान बदलण्यापूर्वीं रोग ओळखावा. त्याची रीत अशी:

पहिलें काम केवळ पाहण्याचें. एकानें चालकाच्या जागीं बसावें, दुसऱ्यानें मागें उभें रहावें. या कामीं घरांतील कोणीही चालतें. दहा वर्षांच्या मुलाचे डोळे तर फार उपयोगी पडतात. वही घेऊन प्रथम एकेक दिवा निरनिराळा लावावा, नंतर जोड्या लावाव्या: रात्रीचे दिवे व ब्रेक, रात्रीचे दिवे व डावा इशारा, ब्रेक व उजवा इशारा, याप्रमाणें. काय लागलें हें लिहावें. तसेंच काय लागावयास नको असतां लागलें, हेंही लिहावें. वर सांगितलेला दोष एकेक दिवा तपासून पकडणें कठीण. जोडी लावली कीं तो लपत नाहीं. ही पाहणी दिवस मावळल्यावर करावी.

दुसरें, डाव्याउजव्याची तुलना. दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे गेले असतील तर फ्यूज, ब्रेकचें बटण किंवा सामायिक तार पहावी. एकाच बाजूस बिघाड असेल तर बल्ब, होल्डर व त्या बाजूची अर्थ यांकडे वळावें.

तिसरें, बल्ब काढून नीट पहावा. दोन तंतूंच्या बल्बाच्या बुडाशीं दोन टोकें असतात, व बाजूच्या दोन खिळ्या मुद्दाम कमीअधिक उंचीवर ठेविलेल्या असतात, कीं बल्ब उलटा बसूं नये. कोणी घाईनें एका तंतूचा बल्ब तेथें दडपून बसविला, तर त्याचें रुंद टोक होल्डरच्या दोन्ही टोकांना एकदम चिकटूं शकतें, आणि ब्रेकबरोबर रात्रीचे सर्व दिवे पेटूं लागतात. अर्थ शाबूत असतांही अशीं चिन्हें दिसावीं, याचें हें एक कारण आहे.

चौथें, मीटरनें मोजणें. आणि येथें पुष्कळ लोक फसतात. बल्ब काढून होल्डरमध्यें मीटर लावला कीं तो १२ व्होल्ट दाखवितो व वीज नीट येत आहे असा समज होतो. नळाचें उदाहरण घ्यावें. गाळानें जवळजवळ बुजलेल्या नळाची तोटी बंद असतां आंतील पाण्याचा दाब पुरता असतो. तोटी उघडली कीं बोटभर धार येते. मीटर स्वतः वीज जवळजवळ घेतच नाहीं, म्हणून तुटत आलेल्या तारेच्या एका केसांतूनही त्यास १२ व्होल्ट दिसतात. २१ वॅटांच्या बल्बास पावणेदोन अँपियर लागतात; ते त्या केसांतून जात नाहींत. म्हणून माप नेहमीं दिवा लावून, भार असतां घ्यावें. मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरें होल्डरच्या अर्थवर ठेवावें. परतीची वाट मोकळी असेल तर मीटर व्होल्टाचा एकदोन दशांश दाखवील. एकदोन व्होल्ट दाखवील तर तेवढा दाब त्या वाटेवर वायां जात आहे असें समजावें. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें उतरतो: दाब दहांत एक भाग कमी झाला तर प्रकाश सुमारें तीन दशांश घटतो, आणि १२ पैकीं दोन व्होल्ट गेले तर जवळजवळ निम्मा होतो. पुष्कळ जुन्या मोटारींचे दिवे म्हातारे झाल्यासारखे दिसतात त्याचें कारण पुष्कळदां बल्बांत नसून अशा गळतींत असतें.

पांचवें, मीटर नसेल त्यासाठीं. एक चांगली जाड तार घेऊन तिचें एक टोक होल्डरच्या अर्थला व दुसरें सांगाड्याच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागीं धरावें. त्यासरशीं सर्व दिवे शहाण्यासारखे वागूं लागले तर निदान झालें. तार फक्त अर्थच्या टोकाला लावावी. वीज येणाऱ्या टोकाला लागली तर फ्यूज जाईल.

दोष कोठें राहतात

आमच्या भागांत तीन ठिकाणें विशेष पहावीं. पहिलें, चाकाच्या वरच्या बाजूचे व डिकीच्या कोपऱ्यांतील अर्थचे स्क्रू. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल तेथें बसतो, ओल धरतो व गंज चढतो. दुसरें, डिकीच्या झांकणाच्या बिजागरीजवळील रबराची नळी. झांकण हजारों वेळां वरखालीं होतें, त्याबरोबर आंतील तारा वांकतात व कालांतरानें वेष्टनाच्या आंत तुटतात. बाहेरून त्या साबूत दिसतात. झांकण हळूहळू उघडतांना एखादा दिवा लुकलुकला तर ती नळी सोडवून पहावी. तिसरें, उंदीर. मोटार पुष्कळ दिवस कोठीशेजारीं उभी राहिली कीं तारांचें वेष्टन कुरतडलें जातें. जोड साफ केल्यावर त्यावर थोडें व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावें. पाणी दूर राहतें.

इशाऱ्याचा दिवा एकाएकीं फार जलद मिचकूं लागला तर तो बहुधा बिघाड नव्हे, ती सूचना आहे. त्याचा ठोका मिनिटास ६० ते १२० यांच्या दरम्यान असावा असा दंडक आहे. त्या बाजूचा एक बल्ब गेला कीं तो जलद होतो, व चालकास बसल्या जागीं कळतें. तंतूच्या बल्बाऐवजीं एलईडी घातल्यासही असेंच होतें, कारण एलईडी फार थोडी वीज घेतो व बल्ब गेला असा समज होतो.

फ्यूजविषयीं मात्र कडक शब्दांत सांगावेंसें वाटतें. फ्यूज पुन्हां पुन्हां जातो म्हणून तेथें अधिक ताकदीचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणें म्हणजे राखणदारास घराबाहेर घालवून दार उघडें टाकणें होय. तांबडा फ्यूज १० अँपियरांचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जेथें जो नेमलेला तेथें तोच घालावा. फ्यूज जातो याचा अर्थ कोठें तरी तारेची कातडी सोलून ती पत्र्याला लागत आहे. ती जागा न शोधतां जाड तार घातली तर फ्यूजऐवजीं ती वायरच तापून जळेल, आणि मोटारीस आग लागेल.

नव्या मोटारींत दिवे बटणानें थेट लागत नाहींत. मध्यें संगणक असतो. तो बल्ब शाबूत आहे कीं नाहीं हें विजेच्या सूक्ष्म ठोक्यांनीं तपासीत असतो, आणि त्यामुळें बाहेरून घातलेला एलईडी बंद असतांही मंद चमकूं शकतो. अशा मोटारींच्या तारांना वाटेल तशी वीज देऊन पाहूं नये. तें काम जाणत्याकडे सोंपवावें. परंतु तेथेंही शेवटचा स्क्रू पत्र्यालाच आवळलेला असतो, आणि पाऊस त्यालाही ओळखतो.

दर महिन्यास एकदां, दिवेलागणीनंतर, एकानें आंत बसावें व एकानें बाहेर उभें रहावें. या पाहणीस पांच मिनिटें पुरतात. तींत दोष दिसला तर कारागिराकडे जातांना “दिवा बिघडला आहे” एवढेंच न सांगतां, “दिवे लावून ब्रेक दाबला कीं डावा विझतो, आणि नुसता ब्रेक दाबला कीं पाटीवरचा दिवा पेटतो” असें सांगावें. चांगल्या कारागिरास तेवढ्या वाक्यानें अर्धें निदान मिळतें, व आपलेही चार अनावश्यक बल्बांचे पैसे वांचतात. तळेगांवच्या रस्त्यानें रात्रीं आपल्या मागून मोटारसायकलवर येणारा मनुष्य कोण, हें आपणांस ठाऊक नसतें. पण आपल्या मोटारीचा डावा दिवा ब्रेकबरोबर उजळतो कीं विझतो, यावर त्याचें घरीं पोंचणें अवलंबून असतें.